भरतीचं वय

सार्जंट नारिता दारातच कमरेतून वाकला तशी काझुहो हसायलाच लागली.

"मला कसला नमस्कार करतोस? चिखलात एकत्र लोळलोय आपण."

काझुहोच्या मुलीच्या, मिओच्या, जन्माआधी दोघं होक्काइदोतल्या एकाच तुकडीत टेलिफोनच्या तारा टाकत. मग काझुहो सैन्य सोडून आओमोरीला, नवऱ्याच्या सफरचंदाच्या बागेवर आली. नारिता आता इथल्याच भरती कार्यालयात होता. मुलंच कमी झाल्याने गावोगावच्या शाळा ओस पडत चालल्या होत्या. शाळा संपवणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी त्याच्या चकरा चालू होत्या. आज तो मिओसाठी आला होता.

मिओ समोर गुडघे दुमडून बसली. त्याने पत्रकं मांडली आणि पगार, गाडीचा परवाना, मुलींना स्वतंत्र खोल्या असं एकेक सांगू लागला.

"स्वतंत्र खोल्या!" काझुहो चहा ओतताना थबकली. "आम्ही सगळ्याजणी एका शेगडीला चिकटून झोपायचो. मोजेही तिच्यावरच वाळायचे. काय तो वास!"

"आणि तू त्या वासात गात बसायचीस."

"गात कुठली, दात वाजायचे!"

मग बर्फाच्या वादळात तार तुटली होती ती गोष्ट निघाली. खांबावर चढून काझुहोने ती कशी जोडली, ते सांगताना तिची बोटं हवेतच पीळ घालू लागली. चहा निवून गेला. मिओ आईकडे टक लावून बघत राहिली.

"काका, रागावू नका," ती शेवटी म्हणाली. "मी सेन्दाईला जाणार आहे, केस कापायचं शिकायला. प्रवेश पक्का झालाय."

"मग फोनवरच सांगायचं ना, पोरी."

"आईच म्हणाली, येऊ देत त्यांना."

नारिताने पत्रकं गोळा केली. मिओ कप विसळायला आत गेली.

"तू गेलीस तेव्हा कॅप्टनसाहेब फार हळहळले होते," तो म्हणाला.

"हळहळले खरे. पण रात्रपाळीला बाळ कुठे ठेवायचं, ते कुणी बोललं नाही."

"आता छावणीतच पाळणाघर आहे."

"आता," काझुहो म्हणाली. बशीतल्या सफरचंदाच्या फोडी तिने उगाच सारख्या केल्या. "राखीव दलात जुन्या माणसांना घेता म्हणे. वर्षातून थोडे दिवस बोलावता."

नारिताने मान वर केली.

"घेतो. वय जरा..."

"माझं वय तुला माहीत आहे."

"बसेल," तो सावकाश म्हणाला. "पण धावून दाखवावं लागेल, काझुहो."

"धावते की."

आतलं पाणी बंद झालं. मिओ ओल्या हातांनीच दारात आली.

"आई, पहाटे तू बाग बघायला जातेस ना?"

काझुहोने मुलीकडे पाहिलं नाही. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.