फिटरनी वाढवलेला वेग

रविवारी सकाळी सून चहाचा कप घेऊन कामाच्या टेबलाशी आली, तर तिचा कॉम्प्युटर पोट फाडल्यासारखा उघडा पडला होता. बाजूचा पत्रा भिंतीला टेकवलेला, आतले पंखे गरगर फिरत होते आणि स्क्रीन काळाठिक्कर. समोर स्टुलावर सासरे बसले होते. सूतगिरणीत तीस वर्षं यंत्रं जुळवल्यामुळे घरीदारी सगळे त्यांना फिटरच म्हणत.

सून रागावली नाही. रागवायलाही अंगात त्राण लागतं. तिने कप ठेवला आणि काय झालं म्हणून विचारलं.

ती दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबचं काम घरून करायची. डॉक्टरांकडून रुग्णाच्या जबड्याचा स्कॅन यायचा, त्यावर ती स्क्रीनवर कॅपचा आकार बसवायची आणि फाईल लॅबला पाठवायची. बारा वर्षांत तिचं काम क्वचितच परत आलं होतं. गेल्या पंधरा दिवसांत मात्र तीन कॅप परत आल्या. एकीच्या कडेला भोक, दुसरीची कड वाकडी. लॅबच्या मॅडमनी आधी समजुतीने घेतलं, मग डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तिने तपासून घेतले. नंबर होता तोच होता. तेव्हापासून ती प्रत्येक फाईल तीनतीनदा बघायची, आणि तरी झोपेत दचकून उठायची.

फिटर म्हणाले, मशीन फार रडतंय असं तूच म्हणत होतीस, म्हणून मेमरीचा वेग जरा वाढवला. मघाशी आणखी एक पायरी चढवली आणि तेव्हापासून ते उठायलाच तयार नाही.

पुढचा तासभर दोघं खाली वाकून होते. त्यांनी वायर काढली, बोर्डवरचा नाण्याएवढा सेल उपसला आणि दहा मिनिटं तशीच जाऊ दिली, म्हणजे वाढवलेली सेटिंग पुसली जाईल. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच परत बसवली. पहिल्या खेपेला काही नाही. पट्टी शेजारच्या खाचेत घालून फिटरनी अंगठ्याने दाबली, तशी खट्कन बसली आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली. दुसरी पट्टीही लागली. मेमरी तपासायचा प्रोग्राम मूळ वेगावर चालवला. एकही चूक निघाली नाही.

फिटरनी घाम पुसला. सून मात्र त्यांच्याकडेच बघत होती.

"बाबा, आणखी एक पायरी म्हणालात. पहिली कधी चढवली होती?"

फिटरनी पत्र्याचे स्क्रू तळहातावर घोळवले. "झाले असतील पंधरा दिवस. चालत होतं की चांगलं, म्हणून बोललो नाही."

तिने तोच पहिला वेग पुन्हा लावायला सांगितला. त्यांनी निमूटपणे लावला. तपासणी सुरू झाली. चौथ्या मिनिटाला चूक दाखवणारी पहिली लाल ओळ आली, मग भराभर येत गेल्या. मशीन चालू तर राहत होतं, पण जे सांभाळायला दिलं त्यातलं थोडं थोडं बिघडवून परत देत होतं. सुनेने एक्केचाळीसपर्यंत मोजलं आणि मोजणं सोडून दिलं.

"मला वाटत होतं, माझंच डोकं चालेनासं झालंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर फिटरना बरं वाटलं असतं.

 त्यांनी वेग उतरवून मूळ जागी आणला, हात धुतले आणि लॅबच्या मॅडमचा नंबर मागितला. राहू द्या, मी बोलेन, असं ती म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. फोनवर ते स्टुलावरून उठून उभे राहिले.

"मी तिचा सासरा बोलतोय. त्या कॅप माझ्यामुळे बिघडल्या. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

मॅडमना काही उमगेना. फिटरनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोनदा. शेवटी मॅडमनी फोन सुनेकडे द्यायला सांगितला आणि पंधरा दिवसांच्या सगळ्या फाईली तपासून मंगळवारपर्यंत कळवायला सांगितलं. डोळ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

फाईली एकोणीस होत्या. फिटर डॉक्टरांनी दिलेल्या मापांचे आकडे कागदावरून वाचत होते, सून स्क्रीनवर पडताळत होती. सातव्या फाईलीत एक भोक सापडलं. ती कॅप अजून कुणाच्या तोंडात बसली नव्हती. अकरावीपाशी तिचे डोळे मिटायला लागले.

"विचारायचं होतंत एकदा," ती म्हणाली.

"हो," फिटर म्हणाले.

ती तिथेच शेजारच्या कॉटवर आडवी झाली, वीस मिनिटांनी उठवा म्हणाली. तासाभराने नात दारात आली, तेव्हा फिटरनी तिला बोटाच्या खुणेने परत पाठवलं.