गार्डाच्या डब्यावरची तारीख

माडीवरच्या रेल्वेत आता इंजिनामागे एकच डबा उरला होता, गार्डाचा. बाकीचे तेवीस डबे मच्छिंद्र वाकळेने गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या हाताने रुळांवरून उचलून बाजूच्या फळीवर ठेवले होते, महिन्याला साधारण एक. येत्या बुधवारी चोविसावाही उचलायचा होता. मग गाडी म्हणावी असं काही राहणारच नव्हतं.

पंचावन्न वर्षांच्या बाप्याने वीतभर लांबीच्या डब्यांपायी एवढं झुरायचं म्हणजे काय, असं कुणी म्हणेल. गल्लीत म्हणतच होते. बोलणाऱ्याचं तोंड काही धरता येत नाही. पण ज्याने ते डबे जवळून पाहिले, तो माणूस जिना उतरताना गप्प असायचा, हेही खरं.

मच्छिंद्र नागापूरच्या एमआयडीसीत रंगखात्यात होता. सत्तावीस वर्षं स्प्रेगन चालवत आलेला. पत्र्याचं कपाट असो की मशिनचं झाकण, त्याचा हात एकदा फिरला की रंगाचा ओघळ शोधून सापडायचा नाही. असल्या माणसाला घरात खेळ मांडायची बुद्धी झाली ती लेकीमुळे. निकिताला लहानपणापासून मालगाड्यांचं वेड. निंबळकच्या फाटकाशी सायकल लावून उभी राहायची आणि डब्यांचे नंबर वहीत उतरवून घ्यायची. इतर पोरी मेंदीचे नमुने उतरवायच्या, ही अकरा आकडी नंबर. छबूबाईने, म्हणजे मच्छिंद्रच्या बायकोने, कपाळावर हात मारून घेतला होता. पण बापाने दहावीच्या सुट्टीत प्लायवूड आणून माडीवर टाकलं, आणि निंबळक ते वांबोरी अशी लाइन घरातच सुरू झाली.

डबे दोघं मिळून करायचे. सनबोर्ड ब्लेडने कापायचा, जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या काढून बाजूच्या उभ्या पट्ट्या बसवायच्या, आणि पत्रिकेच्या मागून कर्कटकाचं टोक हलकं दाबलं की पुढून रिवेट उठायचे. एका डब्याला अडीचशे रिवेट. चाकं तेवढी पुण्याहून मागवायची. मग मच्छिंद्र लहान गनने तपकिरी रंग मारायचा, आणि तो वाळला की पुढचं सगळं निकिताचं. चार केसांचा ब्रश, टेबलाला अडकवलेलं भिंग, आणि श्वास रोखून लिहिलेली पांढरी अक्षरं. ज्वारीच्या दाण्यावर मावेल एवढा आकडा, पण भिंगातून बघावं तर छापल्यासारखा. मच्छिंद्रला रंगातलं सगळं येत होतं, अक्षर येत नव्हतं. ते त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

शेजारचे कमरुद्दीनचाचा नगर स्टेशनात मालगाडीचे डबे तपासता तपासता रिटायर झालेले. त्यांनीच निकिताला एक गोष्ट सांगितली आणि घराला एक नियम लावून दिला.

"हर डब्यावर दोन तारखा असतात बेटा. एक, काम होऊन कारखान्यातून कधी निघाला. दुसरी, परत कधी जायचं. दुसरी तारीख टळली की डबा बाजूला. मग तो कितीबी चकाचक दिसू दे."

झालं. त्या दिवसापासून माडीवरच्या डब्यांनाही दोन तारखा आल्या. पहिली डबा पूर्ण झाल्याची, दुसरी बरोबर दोन वर्षांनंतरची, आणि शेवटी गावाचं नाव, निंबळक. दोन वर्षं झाली की डबा उतरवायचा, जुना रंग घासून काढायचा, नवा मारायचा, नव्या तारखा लिहायच्या. पहिल्या डब्याची मुदत भरली तेव्हा मच्छिंद्र म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे गं, किती सुरेख अक्षर काढलंस." तर पोरीने स्वतःच्या हाताने पॉलिशपेपर फिरवून सगळं साफ केलं. "तारीख म्हणजे तारीख, बाबा."

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला तिला ताप यायला लागला. मग अंगावर निळे डाग. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात, इथे ते जायचं नावच घेत नव्हतं. रक्ताचा कॅन्सर निघाला. मच्छिंद्रने डॉक्टरांपुढे हात जोडले आणि एवढंच मागितलं, की पोरीला कळू देऊ नका. तिला सांगितलं, रक्त कमी झालंय, वर्षभरात भरून निघेल. ती म्हणायची, "मग भरा की पटपट, डबे पडलेत माझे." शेवटचा गार्डाचा डबा तिने दवाखान्याच्या खाटेवरच लिहिला, सलाइनने सुजलेल्या हाताने, पोटावर उशी घेऊन. त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली. वीस वर्षांची होती.

नवरा-बायकोला धरून ठेवायला एकच गोष्ट उरली होती. जेवताना मध्येच घास थांबला की मच्छिंद्र म्हणायचा, "एक बरं झालं, तिला काय कळलं न्हाई." छबूबाई म्हणायची, "व्हय, तेवढं बरं झालं." मग घास पुढे सरकायचा. दोन वर्षं ह्या दोन वाक्यांवर त्या घरात अन्न शिजलं.

आणि डब्यांच्या तारखा एकामागून एक भरत गेल्या. मुदत भरलेला डबा पळवणं म्हणजे पोरीचा शब्द मोडणं, आणि घासून नवा करणं म्हणजे पोरीचं अक्षर पुसणं. मच्छिंद्रला दोन्ही जमेना. म्हणून तो डबा नुसता उतरवायचा आणि फळीवर ठेवायचा, अक्षराची बाजू समोर करून. रोज संध्याकाळी उरलेली गाडी एक फेरी फिरवायचा. गाडी आखूड होत गेली. छबूबाई खाली भाकरी थापताना वरचा आवाज ऐकायची, आणि डबा कमी झाला की तिला आवाजावरून कळायचं.

मंगळवारी मच्छिंद्र पहिल्या पाळीवरून घरी आला तर जिन्यातच थिनरचा वास. कारखान्यात दिवसभर त्या वासात उभा राहणारा माणूस, पण घरात दोन वर्षांत बाटली उघडली नव्हती. तो दोन-दोन पायऱ्या चढून वर गेला.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर तेवीस डबे ओळीने मांडलेले, आणि एकावरही अक्षर नाही. थिनरने पांढरं तर विरघळलंच, खालचा तपकिरीही उठून आला होता आणि दोन्ही मिळून डब्यांच्या अंगावर गुलाबी फराटे उमटले होते. कापसाचे बोळे शेजारी पडलेले. छबूबाई भिंतीला टेकून बसली होती, थिनरने बोटं पांढरी पडलेली.

"हे काय केलंस?" त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "छबू, काय केलंस हे?"

"मला वाटलं नुस्ती अक्षरं निघत्याल. रंग निघंल आसं वाटलं न्हवतं."

"नुस्ती अक्षरं? तिच्या हातचं हुतं ते! अजून कुठं उरलंय तिचं काय?"

"वह्यांमदी हाय की अक्षर."

"वह्यांतलं मास्तरांसाठी हुतं. हे माझ्यासाठी हुतं." "तुला हात लावायला सांगितलं कुनी? आई हायेस का कोन हायेस तू?"

तोंडातून शब्द गेला आणि त्यालाच चटका बसला, पण बाण सुटला होता. छबूबाई रडली नाही. उठून उभी राहिली.

"कमरुद्दीनचाचांना इचारलं मी. म्हनलं, तारीख टळलेला डबा तसाच उभा ठिवला तर काय हुतं? ते म्हनले, भाभी, उभा राहिलेला डबा भंगारात जातो. मग काय करू? तुमी तर हात लावंना. पोर म्हनायची, तारीख म्हंजी तारीख. तिचं तिनंच घासलं आसतं आन तुमाला नवा रंग माराया लावला आसता." तिने पदराने नाक पुसलं. "तुमी दर म्हैन्याला एकेक डबा खाली ठिवता, आन मी खाली बसून ऐकती. तेवीस डाव मेली हो माझी पोर. एकदा मेली ती काय कमी हुती?"

मच्छिंद्र डब्यांसमोर खाली बसला. दोन वर्षांत त्याला एकदाही वाटलं नव्हतं, की वरचं दुःख खाली ऐकू जातं. आपणच मेलो असं समजून तो वर बसून राहिला होता आणि ही बाई रोज खाली भाकऱ्या थापत होती. त्याने एक डबा उचलून पाहिला. चूक तिची होती आणि तिला काही म्हणावं अशी त्याची लायकी नव्हती. नवा रंग मारणं त्याच्या हातात होतं, एका दिवसाचं काम. पण त्यावर लिहिणार कोण? अक्षर गेलं ते गेलंच. हे त्याला आता स्वच्छ कळलं, आणि पोर गेली त्या दिवशी जे पुरतं कळलं नव्हतं तेही आत्ताच कळलं.

मग छबूबाईने रुळांवरचा गार्डाचा डबा दोन्ही हातांत धरून आणला. हा तिने पुसला नव्हता. मुदत उद्याची, म्हणून नियमाने सोडला होता.

"ह्याची तारीख वाचा," ती म्हणाली. "उद्याचीच हाय का नीट बघा. मला ते बारीक दिसत न्हाई. उद्याची आसंल तर तुमीच पुसा. मी न्हाई पुसनार आता."

हा डबा मच्छिंद्रने कधी भिंगाखाली धरलाच नव्हता. दवाखान्यातून आणला तो थेट गाडीच्या शेपटाला जोडला. सुजलेल्या हाताचं अक्षर बघायचं धाडस झालं नव्हतं. तारीख त्याने मनाशीच मोजली होती, दोन वर्षं, म्हणजे उद्याचा बुधवार.

त्याने टेबलावरचा दिवा लावला आणि भिंग ओढलं. अक्षर थोडं हललेलं होतं, पण तिचंच. अकरा आकडी नंबर, एकही आकडा चुकलेला नाही. त्याखाली डबा पूर्ण झाल्याची तारीख. त्यापुढे परतीची तारीख असायला हवी.

परतीची तारीख नव्हती.

त्याला वाटलं, हात दुखला असेल, अर्धंच सोडलं असेल. त्याने डबा दिव्याजवळ नेला. नाही. जागा मोजून सोडलेली होती, बरोबर आठ आकडे मावतील एवढी, आणि तिच्यापुढे पुन्हा अक्षरं होती. निंबळक. सगळं लिहून झालं होतं. मधलं तेवढंच तिने लिहिलं नव्हतं.

पोटावर उशी घेऊन हसत बसलेली पोर त्याला दिसली. भरा की पटपट, म्हणणारी. तो आणि छबूबाई तिच्यापुढे नाटक करत होते, आणि ती त्या दोघांपुढे. सगळ्यांत लहान होती आणि सगळ्यांत एकटी पडली होती, आणि आईबापाने एकदाही तिला जवळ घेऊन रडूसुद्धा दिलं नव्हतं.

"काय वो? कवाची हाय?" छबूबाईने विचारलं.

मच्छिंद्रने भिंगावरून डोळा काढला नाही. काढला असता तर तिला सगळं दिसलं असतं.

"लांबची हाय," तो म्हणाला.

"लांबची म्हंजी?"

"दोन हजार त्र्याहत्तर."

"त्र्याहत्तर?" छबूबाई बोटांवर मोजू लागली. वेळ लागला तिला. "तवा ती सत्तरीची झाली आसती. बघा की, म्हातारपनी रंगवायचा इचार हुता तिचा." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. "म्हंजी तिला खरंच काय कळलं न्हवतं."

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "तिला काय कळलं न्हवतं."

"तेवढं बरं झालं."

"व्हय. तेवढं बरं झालं."

त्याने गार्डाचा डबा उचलला आणि इंजिनामागे परत रुळांवर ठेवला. ती कोरी जागा भिंतीकडे जाईल असा ठेवला.