बडोद्यात वाळलेले तळे

खोक्यात प्लास्टिकची एक नळी होती, लांबीत मधोमध चिरलेली, पन्हाळीसारखी. नळीत एकशे चार सेंटिमीटर गाळ होता. वरचे बारा सेंटिमीटर काळपट, मधले ऐंशी तपकिरी, तळाचे बारा निळसर राखाडी. गाळात पाइनचे एक सुईसारखे पान, भूर्जाच्या सालीचे दोन तुकडे आणि एका पाणकिड्याचा पंख, एवढे डोळ्यांना दिसत होते. बाकीचे पाहायला सूक्ष्मदर्शक लागे.

मित्रांनो, तो गाळ म्हणजे मी. हिमालयातल्या एका लहान तळ्याचा मी जुना तळ आहे.

माझे तळे बर्फाने खोदले. वरून एक हिमनदी सरकत आली. तिच्या पोटात अडकलेल्या दगडांनी डोंगर घासला आणि एक खोलगट वाडगा तयार झाला. वाडग्याच्या तोंडाशी तिने धोंडे, वाळू आणि मातीचा ढीग रचला. पुढे हवा उबदार झाली, हिमनदी मागे हटली आणि त्या ढिगाआड पाणी साचले. तो ढीग हाच माझ्या तळ्याचा बांध. तो कोणी बांधला नव्हता, त्यामुळे त्याची डागडुजीही कोणी करत नव्हते.

सुरुवातीला पाण्यात जीव नव्हता. हिमनदीने दळलेले खडकाचे पीठ तेवढे खाली बसत होते. माझा निळसर राखाडी थर तोच. मग शेवाळ आले, काचेच्या कवचाचे सूक्ष्म जीव आले, पाणकिडे आले. खालच्या दरीतून भूर्जाची झाडे चढत चढत काठापर्यंत पोहोचली. दर उन्हाळ्यात वारा त्यांचे परागकण पाण्यावर टाकी आणि ते सावकाश माझ्यावर उतरत. परागकणाचे कवच फार चिवट असते. ओल, थंडी आणि काळोख मिळाला तर ते हजारो वर्षे कुजत नाही. मला हे तिन्ही मिळाले होते. अशी सुमारे नऊ हजार वर्षे माझ्यात साठली.

एकोणीसशे पंच्याण्णवच्या जुलैत मंदाकिनी मोहिते बडोद्याहून आली. ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. तिने रबरी तराफ्यावरून तळ्यात नळी ठोकली आणि मला वर ओढले. तिचे सामान वाहणारा मेंढपाळ बांधाच्या खालच्या कुरणात झोपडी करून बायको आणि दोन मुलींसह राहत असे. तो हसून म्हणाला, "मैडम, मिट्टी तो बड़ौदा में भी होगी!"

"होगी, भैया. पर उसे याद कुछ नहीं रहता," मंदाकिनी म्हणाली.

तिला एकच गोष्ट हवी होती. काठावरचे भूर्जाचे वन केव्हातरी संपले होते. ते थंडी वाढल्यामुळे संपले, की माणसाच्या कुऱ्हाडीने आणि मेंढरांच्या चराईने? चराई वाढली की शेवंतीच्या कुळातली रानफुले वाढतात, कारण मेंढरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. त्यांचे परागकण काटेरी असतात. वन संपले त्याच थरात काटेरी कण एकदम वाढलेले दिसले तर माणूस, नाही दिसले तर थंडी. चार वर्षांचे तिचे काम या मोजणीवर उभे होते.

बडोद्याला आल्यावर मला उभे चिरले. एक अर्धी नळी वय काढण्यासाठी तुकडे तुकडे होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि त्या तपासणीतच जळून संपली. दुसरी मी. मला ओल्या वेष्टनात गुंडाळून थंड खोलीत ठेवले. वरचे चाळीस सेंटिमीटर मंदाकिनीने दसऱ्याच्या आधी मोजले. ज्या थराची ती वाट पाहत होती, तो त्याखालीच होता.

आता तिच्या घरचे सांगतो. ते दांडिया बाजारात राहत. वडील तुकोजीराव रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, पण त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. खंडेनवमीला घरात दोन तलवारी आणि एक भाला पुजला जाई. अलीकडे मंदाकिनीचा धाकटा भाऊ समरजित कोयलीच्या रिफायनरीत लागला होता. तेव्हापासून त्याचा नट आवळायचा पानाही तलवारींशेजारी मांडत. मंदाकिनीचे काही कधी मांडले नव्हते. त्या वर्षी तुकोजीराव आपण होऊन म्हणाले, "मंदा, यंदा तुझंही हत्यार मांड."

मग तिने नळी ठोकायचा लोखंडी दांडा आणला.

"हा तर नुसता पाइप झाला," तुकोजीराव म्हणाले. "तुझं पोट कशावर आहे?"

"चिखलावर, बाबा."

"मग चिखल आण."

"अरे वा! ताईचं हत्यार म्हणजे कादव!" समरजित हसला. "शत्रूच्या तोंडावर फेकायचं, बस ने?"

"गप रे. तुझ्या पान्याला नऊ हजार वर्षं झालीत का?" मंदाकिनी म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "पण बाबा, हे थंडीत ठेवावं लागतं. तासाभरात परत नेईन."

"ने की. कोण अडवतंय?"

थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून तिने मला रिक्षातून घरी आणले. मित्रांनो, नऊ हजार वर्षांत मला कोणी पाटावर बसवले नव्हते. माझ्याखाली लाल खण होता, डावीकडे तलवार, उजवीकडे पाना. मंदाकिनीच्या आईने, गंगाबाईंनी, वेष्टनाकडे बोट दाखवले. "झाकलेल्याला कुंकू कसं लावू, गं?" मंदाकिनीने वेष्टन काढले. तुकोजीरावांनी दर्भाने पाणी शिंपडले, गंगाबाईंनी कडेला कुंकवाचे बोट लावले. लहरीपुऱ्यातून आणलेली झेंडूची जाड माळ तुकोजीरावांनी माझ्या लांबीवर नीट पसरली. त्यांचे डोळे भरून आले होते.

आरती झाल्यावर मंदाकिनीने नळीला हात घातला.

"अगं, काय करतेस?" तुकोजीरावांचा आवाज चढला. "पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलत नाहीत!"

"बाबा, तुम्ही ने म्हणालात."

"उद्या पूजा उठवल्यावर तासाभरात, असं समजलो मी. उचललं की ते कामाला लागलं. माझ्या आजोबांनी छावणीतसुद्धा हा नेम मोडला नाही."

"हे वाळेल, बाबा."

"एका रात्रीत? इतकी वर्षं टिकलंय ते!" मग ते हळू बोलले. "मंदा, पहिल्यांदा मांडलंय तुझं. अपशकुन नको."

तिने वडिलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला. माळेच्या कडेने एक ओले फडके तेवढे तिने ठेवले.

ऑक्टोबरातले बडोदे होते. पाटाजवळ समई तेवत होती, डोक्यावर पंखा फिरत होता. मी कडांकडून आक्रसू लागलो. मग आडवी भेग पडली, तिच्याशेजारी दुसरी. शिंपडलेले पाणी झेंडूची पिवळी पूड घेऊन भेगांत उतरले आणि तिथेच सुकले.

सकाळी मंदाकिनीने माळ उचलली. पाकळ्या मला चिकटून आल्या. सगळ्यांत खोल भेग तपकिरी थरात होती आणि ती थेट खालच्या प्लास्टिकपर्यंत गेली होती. गंगाबाईंनी विचारले, "मंदा, बिघडलं का गं काही?"

"झेंडू शेवंतीच्याच कुळातला, आई. त्याचेही कण तसेच काटेरी, वेगळे ओळखता येत नाहीत."

गंगाबाईंना ते समजले नाही. तुकोजीरावांना थोडे समजले असावे. ते दसऱ्याचे सोने द्यायला त्या दिवशी बाहेर पडले नाहीत.

मंदाकिनीने वरचा पापुद्रा खरवडून काढला, पण भेगा आतपर्यंत होत्या. मग तिने ठरवले, पुन्हा जायचे आणि नवी नळी काढायची. जूनअखेरपर्यंत तळ्यावरचा बर्फ वितळत नाही, म्हणून तिने जुलैचे तिकीट काढले. जूनच्या मध्यावर डोंगरात दोन दिवस पाऊस कोसळला. खालच्या गावच्या शाळामास्तरांनी फोन केला. बांध फुटला होता. तळे रिकामे झाले होते आणि माझ्या जागी राहिलेला गाळ पाण्याने खरवडून नेला होता. कुरणातली झोपडी गेली होती. मेंढपाळ त्या दिवशी मीठ आणायला गावात उतरला होता, तो वाचला. त्याची बायको आणि दोन्ही मुली सापडल्या नाहीत.

आता त्या तळ्याचे या जगात राहिलेले मी एवढेच. मित्रांनो, माझे कोणी वाईट चिंतले नव्हते. मला मान दिला तो प्रेमाने दिला. पण मान देणे वेगळे आणि जपणे वेगळे. ज्याला जपायचे त्याला काय लागते, हे आधी विचारत जा. मला ओल, थंडी आणि काळोख लागत होता.

मंदाकिनीने राहिलेल्या थरातले परागकण तरीही मोजले.

खोली अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. भूर्ज एकवीस. पाइन चौतीस. गवत एकोणीस. काटेरी, ओळख अनिश्चित, दोनशे सव्वीस. एकूण तीनशे.