सिग्नेचा कंस

तोंडी परीक्षेला शिक्षकाने हूं की चूं करायचं नाही, म्हणून मेरेतेबाई हिरव्या कापडाच्या टेबलामागे ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

सिग्नेने फळ्यावर लिहिलं: y = x − 4 आणि 3x − y = 10. मग y च्या जागी तिने x − 4 घातलं, वर्षभर घालायची तसंच, कंसाविना.

'झालं! घातलास घोळ!' बाई मनात करवादल्या.

सिग्ने थबकली. पुसून तिने एवढा थोरला कंस काढला, की बाहेरून आलेले परीक्षकही हसले. x तीन आला, y उणे एक.

"बाई, या कंसापायी वर्षभर डोकं खाल्लंत माझं! बघा आता!"

निकाल ऐकून ती बाहेर धावली. पास होणाऱ्याला झेंडा द्यायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे, बाहेर थांबलेल्या आईने तिच्यासाठी आणलेला कागदी झेंडा घेऊन परत आली आणि बाईंच्या पाण्याच्या ग्लासात तो उभा केला.