तीनशेची घागर

दोनशे तीन म्हणेपर्यंत घागर काठोकाठ भरली आणि वारलूच्या काळजात धस्स झालं. सकाळपासून तो चौथ्यांदा मोजत होता. आधी दोनशे एक, मग दोनशे पाच, मग पुन्हा दोनशे एक. यायला पाहिजे होते तीनशे! पाणी आठव्या पायरीवर असलं की तीनशे; गेल्या सालीही तीनशेच होते.

वारलू गावच्या तलावाचा राखणदार. ब्रह्मपुरीच्या बाजूच्या त्या तलावावर त्याची चाळीस वर्षं गेली होती. पाळीच्या पायथ्याशी दगडी पन्हाळीतून पाझर पडे. त्याखाली घागर लावायची आणि ती भरेपर्यंत आकडे मोजायचे, एवढंच त्याच्या हातात होतं. मातीच्या पाळीच्या पोटात काय चाललंय ते बघायला कोण जाणार? खेकडे बिळं करतात, जुनी मुळं कुजतात, आणि पाळ बाहेरून आपली तशीच हिरवीगार. बरं, तलावाचा हिशोबही सरळ नाही. पाणी एक पायरी चढलं तर पाझर जरासा वाढतो, आणखी एक चढलं की एकदम दुप्पट. सगळ्या पायऱ्यांचे आकडे वारलूला तोंडपाठ होते.

आज पाणी आठवीवरच होतं आणि आकडा मात्र शंभराने खाली. म्हणजे पाझर वाढला होता, पाळ आतून पोखरली होती. नाहीतर मग मोजणारा बिघडला होता.

ही दुसरी शंका त्याला सुखाने बसू देईना. श्रावणात महिनाभर तो तापाने अंथरुणाला खिळला होता. उठल्यापासून त्याचं सगळंच सावकाश चाललं होतं. बायको, गुणाबाई, जेवताना चिडवायची, "अवो, तुमी घास चावून राह्यले का मोजून राह्यले?" तेव्हा तो हसला होता. मोजणारा मंद झाला तर घागर लवकर भरल्यासारखी वाटणारच की!

तो तडक गावच्या जुन्या मालगुजाराकडे, गुणवंतरावांकडे गेला. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन चार वर्षं झाली होती, तलाव सरकारचा झाला होता, पण गावात शब्द अजून गुणवंतरावांचाच चाले.

"भाऊ, तुडूम खोला लागते. पाळीचं काई खरं नाई."

तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार. गुणवंतराव एकदम उखडले.

"डोस्कं फिरलं का गा तुहं? मागल्या हप्त्यात ओव्हरसियर साहेब आले, पायरी पाह्यली, ठीक म्हनून लिवून गेले. धानाची लोंब भरून राह्यली. आता पानी सोडलं त शेवटच्या पान्याले काय करशीन?"

"माहं बी धान हाये भाऊ, पाटाच्या पार शेपटाले. पहले माहंच वाळन."

"मंग? जाय, घरी जाऊन पेज पे. ताप अजून उतरला नाई तुहा."

वारलू घरी गेला नाही. पाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिला. खाली टोलीतली, त्या लहानशा वस्तीतली, तेवीस घरं दिसत होती. कोणी अंगणात सुपाने पाखडत होतं, कोणाची पोरं चिखलात लोळत होती. पाळ फुटली तर त्यांना पळायलाही वेळ मिळायचा नाही. आणि उगाच पाणी सोडलं तर गावाच्या तोंडचा घास जाईल, तोही एका म्हाताऱ्याच्या भ्रमापायी. बसला तर बसवेना, भाकरी सोडली तर घास उतरेना.

मग त्याला खडकातला झरा आठवला. पाळीपासून हाकेच्या अंतरावर होता, पण तलावाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. तलाव आटला तरी झरा वैशाखात तेवढाच वाहायचा. जवानीत तिथे त्याने कितीदा तरी मोजलं होतं, घागरीला शंभर. तो धावतच गेला. घागर लावली आणि मोजली. नव्वद. परत मोजली. पुन्हा नव्वदच.

पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. चला, पाळ धड आहे, आपणच मंदावलो! पण हिशोब काही त्याला सोडेना. शंभरात दहा त्याचे गेले, तर तीनशेत तीस जातील. दोनशेसत्तर यायला हवे होते आणि आले दोनशे. वरचे सत्तर पाळीचे होते. तोही खचला होता आणि पाळही. आपण म्हातारे झालो याचं इतकं वाईट त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी गुणवंतराव आणि दहापाच माणसं त्याने हातापाया पडून पाळीखाली आणली. टोलीतली कमळा तिथे पाणी भरत होती. तिच्या दोन सारख्या घागरी घेऊन एक पाझराखाली लावली, दुसरी झऱ्याखाली, एकाच वेळी; भरली की हाक द्यायला दोन्हीकडे माणसं उभी केली. आपण मोजायचं नाही म्हणून वारलूने तोंड मिटून घेतलं. झऱ्याची घागर भरली, ओतली, दुसऱ्यांदा भरली. तिसऱ्यांदा लावली, ती पाव भरते न भरते तोच पाझराची वाहू लागली.

"कमळा, पहले किती भरत होत्या?"

"पहले ना? तीन भरत होत्या मामाजी. इकडची एक, तिकडच्या तीन. आमी बाया तसंच भरतो. आता मले वाटलं झराच बसला."

"बरोबर हाये तिचं," गुणवंतराव म्हणाले. "झराच बसला असन. तू कायवरून पाळीवर घेतं?"

आता वारलूला खरं बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बोललं की राखणदारी गेलीच.

"झरा बसला असता त माहा आकडा वाढला असता भाऊ. शंभराचे नव्वद झाले. झरा तसाच हाये. मीच धिमा झालो."

गुणवंतरावांनी पाझराखाली ओंजळ धरली आणि पाणी निरखून पाहिलं. तळाशी पाळीचीच बारीक लाल माती बसत होती.

"खोल तुडूम," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पाणी सहाव्या पायरीवर आलं, तेव्हा आतल्या अंगाला दगडांच्या खाली भगदाड दिसलं. गुणवंतरावांनी हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. "बाप्पा रे!" एवढंच ते म्हणाले. शेतांतलं उशिराचं धान निम्मं भरलं. वारलूच्या धानाच्या बांधीत दाणा न भरता नुसतं फोल उरलं.

भगदाड बुजवल्यावर ओव्हरसियर रजिस्टर घेऊन आले. घागर लावली, भरली.

"हां वारलू, किती?"

चाळीस वर्षांच्या सवयीने तोंड उघडलं. त्याने ते मिटलं.

"माहा आकडा नोका लिवू साहेब. कमळा, सांग तू."

पाझरापाशी उभ्या कमळाने आपण मोजलेला आकडा सांगितला. साहेबांनी लिहून घेतलं आणि राखणदार म्हणून कोणाचं नाव घालायचं ते विचारलं. वारलूने तिच्याकडे बोट दाखवलं. मग खांद्यावरचा दुपट्टा झटकून तो निघाला.

भर दुपारी त्याला दारात पाहून गुणाबाई चुलीपाशी उठून उभी राहिली.

"आज काऊन लौकर आले?"

"मोजून झालं," वारलू म्हणाला आणि पाय धुवायला गेला.