वळणावरची ड्यूटी

म्हाताऱ्याने बॅटरी मोज्यात गुंडाळली, मोजा बुटात कोंबला आणि बूट पलंगाखाली सरकवला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मोज्यालाही आता चार्जिंग लागतं का?"

बायको होती. उभी हयात तिने बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. कोणी काय पोटात ठेवलंय हे तिला बाहेरून कळायचं.

त्याने जन्मभर बस चालवली होती. मग गुडघा गेला, क्लच दाबेना आणि स्टिअरिंग सुटलं. त्यानंतर तो घरात, बस चुकलेल्या प्रवाशासारखा बसून असायचा. एके दिवशी रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांची शर्यत पाहून आला आणि म्हणाला, "हिला क्लच नाही."

गाडी स्वस्तात मिळाली. फक्त तिच्यात बॅटरी नव्हती. बॅटरीला चार्जर लागला. मैदानाच्या मातीला वेगळे टायर लागले, टायरना वेगळा गोंद. पहिल्या शर्यतीआधीच गाडीचं मूळचं असं एक कवच तेवढं उरलं होतं, आणि तेही त्याच्या मनातून उतरत चाललं होतं.

"किती झाले?"

"गाडी स्वस्तच होती."

"गाडीचं नाही विचारलं."

तो खाली वाकून नाडी बांधू लागला. पायात चप्पल होती.

"दुकानदाराशी माझं बोलणं झालंय," ती म्हणाली. "आजची शर्यत खेळा. ती झाली की तो सगळं अर्ध्या किमतीत परत नेतोय."

"अगं, पण..."

"मीही येतेय. नाहीतर वाटेत आणखी काही घ्याल."

शर्यतीत तो शेवटून पहिला आला. प्रत्येक वळणाआधी वेग कमी करून तो मागच्यांना वाट देत होता. रिमोटवाल्यांच्या मचाणावरून खाली उतरताच पंच म्हणाला, "काका, तिसऱ्या वळणावर जा."

नियमच तसा होता. आपली शर्यत झाली की पुढच्या शर्यतीला वळणावर उभं राहायचं आणि पलटलेल्या गाड्या धावत जाऊन सरळ करायच्या. नाहीतर आपल्या फेऱ्या बाद.

त्याने गुडघ्याकडे पाहिलं.

"करा बाद," तो हळूच म्हणाला.

"कशाला बाद?" बायकोने पर्स त्याच्या हातात दिली आणि पंचाकडचं केशरी जाकीट अंगात चढवलं.

पहिली गाडी उलटली तशी ती धावली. गाडी उचलली, पोटाखालून तपासली, चारही चाकं मोजली, रुमालाने नाकाडावरची माती पुसली आणि मग अलगद खाली ठेवली. तोवर बाकीच्यांची फेरी मारून झाली होती.

"काकू, नुसती सरळ करा हो," मचाणावरून गाडीवाला कळवळला.

"गप रे. श्वास तरी घेऊ दे तिला."

पुढच्या गाडीला कमी वेळ लागला. मग हात बसला. अखेरीस दोन गाड्या एकमेकींवर चढून पलटल्या, तेव्हा तिने दोन्ही हातांनी दोन उचलल्या आणि एकदमच वाटेला लावल्या.

म्हातारा पर्स छातीशी धरून पाहत होता. वॉर्ड सुटल्यापासून त्याने तिला धावताना पाहिलं नव्हतं.

शर्यत संपली. दुकानदार टेम्पो लावून आला.

"काकू, सामान भरू?"

म्हाताऱ्याने रिमोट पुढे केला.

ती सामानाच्या खोक्यावर बसली. चपला काढून तळव्याची माती झटकत राहिली.

"आधी हे सांग," ती दुकानदाराला म्हणाली, "मातीत न घसरणारे बूट माझ्या मापाचे ठेवतोस का?"