टाळी वाजवायची राहिली

वेंकोबरावांची आठवण मला आधी ऐकू येते आणि मग दिसते. अड्यारच्या त्या बैठ्या घराच्या ओसरीवर, कलत्या उन्हात, रिकाम्या पितळी पेल्यावर त्यांची बोटं टकटकत असायची. समुद्राकडचा वारा आणि ते टकटकणं, दोन्ही दुपारी एकाच सुमारास सुरू होत. एग्मोरच्या एका कचेरीत त्यांनी उभी हयात टंकलेखन केलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं लोटली, तरी ती बातमी बोटांपर्यंत पोहोचलीच नव्हती. पेला नसला तर कठडा, कठडा नसला तर स्वतःचा गुडघा.

आम्ही त्यांचे भाडेकरू. लग्न होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आले तेव्हा तमिळचा गंध नव्हता, नवरा दिवेलागणीशिवाय घरी येत नसे, आणि त्या लांबलचक, खारट दुपारी मला खायला उठत. घरमालक तंजावरकडचे मराठी, एवढ्यावर आई निश्चिंत होती. त्यांचं मराठी मात्र पणजोबांच्या जुन्या पत्रातून उठून आल्यासारखं, आणि त्यावर तमिळ हेल. पहिला महिनाभर मी नुसती मान डोलावली.

"चला अमा, गरुड पाहून येऊं," ते म्हणत, आणि आम्ही नदीच्या मुखाकडे निघत असू. तिथे सूर्य समुद्रात बुडत नाही; तो पाठीमागे, गावाच्या अंगाला उतरतो, आणि त्याचा शेवटचा पिवळा प्रकाश खांद्यावरून पुढे येऊन चिखलावर, उथळ पाण्यावर, सुरूच्या झाडांवर पसरतो. त्या प्रकाशात तांबूस पंखांचा, पांढऱ्याशुभ्र मानेचा तो पक्षी वर घिरट्या घालू लागला की वेंकोबरावांचे हात आपोआप जुळत, मग गालांवर हलक्या थापट्या पडत, आणि पुन्हा जुळत. आमच्याकडे जिला घार म्हणून कुणी मान वर करून पाहणार नाही, तिला इकडे साक्षात विष्णूचं वाहन मानून रस्त्यातला सायकलस्वारही पाय टेकून नमस्कार करतो. मला आधी हसू येई. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: दिवसभरात तेवढा एकच क्षण त्यांची बोटं स्थिर असत. मग मीही हात जोडू लागले. त्यांना ते फार आवडलं.

चैत्रात वाळूच्या उंचवट्यावर टिटवीनं चार अंडी घातली, आणि आमच्या फिरण्याची सगळी शांती गेली. पिल्लं बाहेर पडली ती लगेच धावू लागली. चिखलाच्याच रंगाची, लांब पायांची. आई ओरडली की असतील तिथे निपचित बसत, आणि क्षणात दिसेनाशी होत. वेंकोबराव आता कॉफी अर्धी टाकून निघत. कावळा उतरला की टाळी, कुत्रं फिरकलं की टाळी. त्या सुकलेल्या हातांतून असा आवाज निघे की सुरूतले बगळेसुद्धा उडत. मलाही त्यांनी तळवे पोकळ धरून टाळी वाजवायला शिकवलं. तरी एक पिल्लू आमच्या डोळ्यांदेखत कावळ्यांनी नेलं, एकानं आईला भुलवून दूर नेलं आणि दुसऱ्यानं उचललं. एक कुत्र्यानं, एक काळ्या घारीनं. मी घरी येऊन भात चिवडत बसे. एवढंसं ते निपचित बसणं, एवढा त्या हाकेवरचा विश्वास, आणि भोवती सगळीकडे भूक. मला ते सोसत नसे.

चौथं उरलं. "तीस वर्षं लोकांचीं पत्रं उतरवलीं," ते एकदा म्हणाले, "हें एक काम माझं. पावम्, बिचारं, हें एक तरी उडूं दे." त्याच्या पंखांना खरी पिसं फुटली होती. दोन दिवस, फार तर तीन, असा त्यांचा अंदाज होता. त्या दोन दिवसांत त्यांची बोटं चालतानाही हवेत काहीतरी उमटवत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिटवी अचानक किंचाळली. पिल्लू होतं तिथे बसलं. आम्ही दोघांनी तळवे पोकळ करून वर पाहिलं, आणि सुरूच्या शेंड्यावरून गरुड सुटला. तो इतका खाली कधीच आला नव्हता. पंखांतून आरपार प्रकाश येत होता, मान लख्ख पांढरी. इतकं सुंदर काही मी त्यानंतर फारसं पाहिलेलं नाही. वेंकोबरावांचे हात जुळले. माझेही जुळले. न थांबता, वाकून वाटेवरचं फूल उचलावं तसा त्यानं एक पाय खाली सोडला, आणि वाळूवरचा तो ठिपका वर गेला.

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवतच राहिले, गरुड नदीपार माडाच्या शेंड्यावरच्या घरट्यात उतरला, तिथे दोन चोची वासल्या, तरी वाजवत राहिले. मी त्यांचे हात धरले तेव्हा तळवे तापले होते.

"पोच्चु. गेलं," ते म्हणाले. मग पाण्याकडे बघत, "त्यालाही लेकरं आहेत की. त्याचं कांहीं चुकलं नाहीं. हात माझे होते, अमा."

माझेही होते, हे मला म्हणता आलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

नदीवर ते जातच राहिले, नमस्कारही सोडला नाही. पण जुळलेल्या हातांतही बोटं आता थरथरत असत. वर्षभरात आमची बदली झाली. पुढे ते गेल्याचं कळवणारं त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं, चार ओळींचं, टंकलिखित. ते वाचताना मला अक्षरांआधी आवाजच ऐकू आला.

काळानं ती ओसरी नेली, तो पितळी पेला नेला, त्यांचा चेहराही आता धूसर होत चालला आहे. पण कुठल्याशा तळ्यावर तांबूस पंख दिसले की माझे हात अजून वर येतात आणि मध्येच थांबतात, जुळावं की वाजावं हे न कळून. आणि दोन तळव्यांमधल्या त्या रिकाम्या जागेत ते पिल्लू अजून निपचित बसलेलं असतं, आपण कुणाला दिसत नाही अशा खात्रीनं.